मागाजवळची खिडकी

आई,

तुझ्या कापड गिरणीतलं घर मी विकायला काढलं होतं. हो, गिरणीत आता घरं झालीत. तुझा माग होता तीच जागा मी घेतली, पण हे ऐकायला तू नव्हतीस.

आज दलाल गिऱ्हाईक घेऊन आला आणि त्याच्यासमोर मला म्हणाला, "ताई, इथे टाचणी पडली तरी ऐकू येते ना?" मी मान हलवली. ही शांतता हीच तर अडचण आहे. मागांच्या खडखडाटात तुम्ही बायका नुसते ओठ हलवून बोलायचात. घरीही तू तशी बोललीस की मी मैत्रिणींदेखत ओरडायचे, "आई, आवाज काढून बोल गं!" ती बोली मी शिकलेच नाही. दवाखान्यात शेवटी तू ओठ हलवलेस, तेव्हा मला काहीच कळलं नाही. इथल्या शांततेत मला रोज तेच ओठ दिसतात.

दलाल आणि गिऱ्हाईक गेल्यावर मी तुझ्या मागाजवळच्या खिडकीशी उभी राहिले आणि काचेत बघत दवाखान्यात तू हलवले होतेस तसेच माझे ओठ हलवले. तू गेल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच. काचेतल्या बाईने मला विचारलं, "जेवलीस का?"

दलालाला फोन करून सांगितलं, घर विकायचं नाही.

आता जेवायला बसतेय.

तुझी,
धाकटी