वरचं चाक, खालचं चाक

३ जानेवारी १९३८, गोंदिया

आलं! कलकत्त्याहून मशिनींचं पुस्तक आलं. पानापानावर चित्रं. इंग्रजी आपल्याला कुठलं येतंय — स्टेशनातल्या पार्सलबाबूला घरी बोलावलं, चहा पाजला, वाचून घेतलं. तो बँडसॉ म्हणतो. आपण पट्टाआरा म्हणू. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरत राहणारा पोलादी पट्टा आणि पट्ट्याला दात. म्हणजे न थांबणारी करवत! बैलबंडीच्या चाकाचा घेर आपण आज वाकसानं तासून तासून वळवतो. यावर तिवसाचं कठीण लाकूडसुद्धा कोहळ्याच्या फोडीसारखं वळणानं कापलं जाईल.

पुनाराम ओंडक्यावर बसून ऐकत होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून आमची जोडी. जंगलातल्या लाकूडतोडीवर मी ओंडक्यावर उभा, तो खाली खड्ड्यात, मध्ये लांब आरा. त्या आऱ्यावरच हे घर उभं राहिलं, परसातला हा कारखाना उभा राहिला.

बाबू वाचत होता — "सारा जोर नीचे के चक्के पर. ऊपरवाला तो बस घूमता है." पुनाराम जरा हसला. पुढे बाबू म्हणाला, "लकड़ी अपने आप सरकती है. एक आदमी काफी है."

मी मांडीवर थाप मारली. "आयकलं का गा पुनाराम? एकच माणूस!"

"आयकलं," म्हणाला. मग विडी पेटवली.

४ जानेवारी

दुपारी फळ्यांवर आडवा झालो. भिंतीपलीकडे मुन्नालाल सेठची धानगिरणी धाप-धाप करत होती. डोळा लागला. चित्रातली दोन चाकं दोन चंद्रांसारखी वर-खाली लटकली होती, आणि मधून पट्टा — पट्टा कसला, पाण्याची धार. लाकूड धारेत शिरायचं आणि गोल होऊन बाहेर यायचं. भुईला न टेकता चाकं तरंगत तरंगत गावोगाव जात होती.

बायकोनं, जमुनाबाईनं, उठवलं. "हसून काऊन राहिले झोपेत?"

६ जानेवारी

मुन्नालाल सेठ माणूस दिलदार. म्हणे, "दीवार में छेद कर लो यादोराव, मेरे इंजन का पट्टा ले जाओ. लेकिन धान के टैम नहीं, हाँ!" म्हणजे मशीन फिरवायच्या जोराचा प्रश्न मिटला.

तिरोड्याला खेमराज लाकूडवाल्याकडे जुना पट्टाआरा पडून आहे असंही तोच म्हणाला. कोण्या ठेकेदाराचा होता. काम संपलं, ठेकेदार गेला, मशीन राहिली. "लेकिन पुरानी मशीन और पुराना मुनीम — दोनों बड़बड़ करते हैं!"

बडबडेना का. कान आपले आहेत. लाकडावर टिचकी मारून आतली कीड सांगतो, लोखंड काय लपवणार?

नवी की जुनी? बघून यायला काय हरकत आहे.

८ जानेवारी

पुनारामला घेऊन सकाळच्या गाडीनं तिरोड्याला. धुकं. धानाच्या कापलेल्या बांध्यांत लाखोरीचं पीक फुललेलं, निळं निळं. जमिनीवर आभाळ सांडलं होतं आणि गाडी त्यातून वाट काढत होती. पुनाराम खिडकीशी. मी दोघांपुरतं बोललो.

सौदा जमला तर तिथेच फोडू म्हणून नारळ नेला होता.

मशीन शेडात, पडवळाच्या वाळक्या वेलांखाली. उंच, काळी. कोणी म्हातारी बाई पदर घेऊन उभी असावी तशी. खेमराजनं तेलाचं इंजिन सुरू केलं आणि ती गाऊ लागली! खरंच गाऊ लागली. वरच्या पट्टीत, एका सुरात. मधून मधून मात्र टिक्... टिक्... नारळ अडचण करत होता. पुनारामच्या हातात दिला आणि मशीनच्या खांबाला कान लावला. पट्ट्याचा सांधा वाजतोय, बाकी अंग निकोप. कळलं, पण खेमराजसमोर तोंड वाकडं केलं. भाव पडायला टिक् बरी.

"लाकूड सरकवाचं चाक निंगालं हाय हिचं," खेमराज म्हणाला. "मानसं दोन लागतीन. एकानं पुढून ढकलाचं, एकानं मांगून ओढाचं. एकट्यानं केलं तर पट्टा उतरते."

"मग नवीच बरी," मी म्हणालो. विचार करून सांगतो म्हणून निघालो.

परतीच्या गाडीतही मीच बोलत होतो. पुनारामनं स्टेशनातून नारळ काखेत घेऊन सरळ त्याच्या गावाची, कामठ्याची वाट धरली. राहू दे, पोरं खातील.

९ जानेवारी

पुनाराम आला नाही.

११ जानेवारी

आजही नाही. कामठ्याचा एक भाजीवाला म्हणाला, "बरा हाय. आंगनात बसून दोरी वळून राहिला." मग येत का नाही?

मन नव्या मशिनीकडे धावतं. चित्रात तिला निळा रंग दिलाय, लाखोरीसारखा. पण डोळे मिटले की ऐकू येते ती काळी. मोठं अवघड! डोळे एकीचे, कान दुसरीचे.

१३ जानेवारी

पुनारामशिवाय ओंडका फाडायला घेतला. खड्ड्यात कारखान्यातल्या गड्याला उतरवलं. चांगला धट्टाकट्टा आहे, पण करवत माझ्याशी भांडत होती. मी ओढायच्या आधीच हा ढकलतो. पुनारामशी कधी बोलावं लागलं नाही. श्वास ऐकू यायचा, तेवढ्यावर हात चालायचे. शेवटी रेघ सुटली. फळी वाया.

१४ जानेवारी, संक्रांत

जमुनाबाई तिळगूळ घेऊन कामठ्याला गेली होती. परत आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुमी पुनारामभाऊले नारळ देल्ला म्हने?"

"दिला की. धरायला."

"भाऊची देवकाबाई रडून राहिली होती. म्हने, इतक्या सालाची जोडी, अन् परक्याच्या शेडात मोडली."

आरा ओढणाऱ्यांची जुनी रीत! जोडी मोडायची तर भांडायचं नाही, तोंडावर बोलायचं नाही. वरच्यानं खालच्याच्या हातात न बोलता नारळ ठेवायचा. त्यानं तो घरी नेला, की संपलं. जंगल सुटलं, मी शेठ झालो, रीत डोक्यातून गेली. त्याच्या नाही गेली.

आधी हसू आलं. मग नाही आलं.

१५ जानेवारी

कामठ्याला जाऊन आलो. पुनाराम अंगणात दोरी वळत होता. देवकाबाईनं पाट टाकला, पाणी दिलं, आत गेली.

"अरे बाप्पा, मी तो धराले देल्ला होता! कान लावाचा होता मले!"

"धराले देल्लास तं बोलला काऊन नाही?"

"आयकून राहिलो होतो ना गा मशीन."

"तेच म्हनतो. मशीन आयकून राहिला होतास." दोरीला पीळ देत म्हणाला, "तुह्या हाती चूक झाली, मानतो. पन बाबूनं एकच मानूस पुरते म्हटलं, तवा मांडीवर थाप कोनं मारली? ते बी चुकून?"

त्या थापेच्या वेळी पुनाराम मनात आलाच नव्हता. एक माणूस म्हणजे मी, एवढंच धरून चाललो होतो.

"नारळ दे परत," मी म्हणालो.

"खाल्ला. गोड निंगाला."

दोघंही हसलो. पण तो उठला नाही, आणि मी चल म्हणालो नाही.

येताना बंडी बैलांच्या मनानं चालली. लाखोरीवर ऊन उतरलं होतं. निळं पाणी आहे आणि आपण त्याच्या तळाशी चाललोय, असं बराच वेळ वाटत राहिलं.

१७ जानेवारी

खेमराजला होय कळवलं. जुनीच.

मुन्नालाल सेठ कपाळाला हात लावून बसले. "पागल हो गए? नई में एक आदमी, इसमें दो! आप जैसा हिसाबी आदमी!"

"आवाज पसंत पडला, सेठ."

"आवाज सुनने को कोई मशीन लेता है?"

जमुनाबाईला आवाजाचं पटलं नाही. तिला खरं काय ते कळलंय.

२४ जानेवारी

मशीन आली. परसातल्या कारखान्यात उभी केली. छपराला टेकते की काय असं वाटलं, पण नाही. भिंतीतलं भोक झालं, पट्टा ओढला, सेठनं इंजिन जोडलं. गायली! शेजारपाजार गोळा झाला.

लाकूड लावलं. मागे गडी होता. त्यानं जोरात ओढलं, मी हळू ढकललं, पट्टा सटकन उतरला. लोकांत हशा. सेठ भिंतीपलीकडून ओरडले, "गाना बंद?"

२७ जानेवारी

मशीन उभी आहे. लाकूड पडून आहे.

जमुनाबाई म्हणते, "पुनारामभाऊले बलवाले जा न आणखी."

"एकदा गेलो होतो."

"तवा नारळ मांगाले गेल्ले होते. मानसाले बलवाले कुठं गेल्ले?"

या बाईपुढे माझे कान काहीच नाहीत.

२८ जानेवारी

कामठ्याला गेलो. नारळाचं नाव काढलं नाही. "मशिनीले दोन मानसं लागतात, म्हनून घेतली. चल," एवढंच बोललो. पुनाराम ऐकून घेऊन बैलांना पाणी पाजायला गेला. बराच वेळ थांबलो. मग निघालो.

३० जानेवारी

आज सकाळी पुनाराम आला. मशिनीभोवती एक फेरी मारली, पट्टा चढवला. मी सवयीनं पुढे उभा राहिलो. म्हणाला, "तिकडं जा गा. आता तू ओढ."

गेलो. पट्टा उतरला नाही. लाकूड वळणानं आलं, अगदी मनातल्यासारखं.

भुसा सारा इकडेच उडतो. इतकी वर्षं वर उभा होतो, मला माहीतच नव्हतं.