ढब्बू कुणाकडे येतो

४ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

होस्टेलात फोन ठेवू देत नाहीत, म्हणून पत्रच. रोबोटच्या टीममध्ये आता मीच कॅप्टन, मीच मेकॅनिक आणि टाळ्या वाजवणारीही मीच. बाकीच्या दोघींनी परीक्षेचं निमित्त करून अंग काढून घेतलं. सर म्हणाले, शाळांच्या स्पर्धेत यंदा पहिल्या आठांत आलो नाही तर रोबोटची खोली बंद. मावशी, इथे तेवढी एकच खोली मला आपली वाटते गं.

रोबोटचं नाव ढब्बू, अंगानेच तसा आहे. त्याला कॅमेरा बसवलाय. फेरीच्या सुरुवातीला कुणी हात लावायचा नसतो. त्याने आपणहून लाल रंग शोधत जायचं आणि चेंडू उचलायचे. उचलतो शहाणा! खोलीत थंडी मात्र मरणाची आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
टिल्लू

१३ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी थंडी वाचली आणि लगेच सुया काढल्या. सोबत स्वेटर पाठवते आहे. बाह्या लांब झाल्यात, पण तू वाढशीलच. रंग मुद्दाम लाल घेतला, तुझ्या चेंडूंना जुळता. दुकानदार तपकिरी लोकर गळ्यात मारत होता, मी बधले नाही. स्पर्धेला हाच घाल, म्हणजे मी तिथे असल्यासारखं होईल.

तू गेल्यापासून घर खायला उठतं. अजून दोघींचा चहा टाकते आणि दोन्ही कप मीच पिते. पोस्टमन हल्ली मला बघून लांबूनच नकाराची मान हलवतो.

दोन ओळी का होईना, लिहीत जा.

तुझी,
मावशी

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नववे आलो.

शिट्टी झाली. ढब्बू चेंडूंकडे निघाला, मध्येच थबकला, वळला आणि थेट मैदानाच्या कठड्याशी, माझ्यासमोर येऊन धडका देत राहिला. चेंडूपेक्षा मोठं लाल त्याला मीच दिसले! सगळा हॉल खो खो हसला. दुसऱ्या फेरीतही तेच. मग कुठे माझी ट्यूब पेटली आणि मी स्वेटर काढला. पुढच्या फेऱ्या जिंकलो, पण उपयोग काय?

खरं सांगू? बाकीच्यांच्या मागे आया, बाबा, मैत्रिणी उभ्या होत्या. एवढ्या गर्दीत माझ्याकडे आला तो एकटा ढब्बू. बाथरूममध्ये जाऊन मी खूप रडले.

खोलीला कुलूप लागलं. सरांनी ढब्बू मला देऊन टाकला, तो माझ्या कॉटखाली आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. स्वेटर आत्ताही अंगात आहे.

माया असू दे.

तुझी,
टिल्लू

१२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मला मेलीला तपकिरी घ्यायला काय झालं होतं!

सुट्टीत ढब्बूला घेऊन ये. लोकर उरली होती, थोडी आणखी आणून माझ्यासाठीही स्वेटर घातलाय सुयांवर. तो घालून मी दारात उभी राहीन, तू ढब्बूला फाटकापाशी सोड. चेंडू एकही ठेवायचा नाही. आणि तुझा स्वेटर तेवढा वेळ काढून ठेव हं, नाहीतर तो पुन्हा तुझ्याकडेच वळायचा.

एकदा माझ्याकडेही कुणी येऊ दे.

वाट बघणारी,
मावशी