मागं भराव हाय

२ जानेवारी २०१९, बुधवार
सहाव्या मजल्यावरच्या कंपनीत डायऱ्या वाटल्या. एक उरली. टेबल पुसताना उचलली. चोरी नाही, कचऱ्यातच जाणार होती आणि कचरा मीच भरते. रोज लिहायचं ठरवलं आहे. सहावी नापास असले तरी अक्षर चांगलं आहे, गुरुजी म्हणायचे.
निश्चय: साखर बंद. सरुबाईवर ओरडायचं नाही. कोणाला उलट बोलायचं नाही.

३ जानेवारी
सरुबाईवर ओरडले. पण माझ्याबरोबर दहा वर्षं झाडू मारून ही बाई अजून ओलं फडकं लिफ्टमध्ये विसरते. हे ओरडणं धरायचं नाही.

७ जानेवारी, सोमवार
बिल्डिंगचे मॅनेजर विश्वजीत सर, त्यांनी मीटिंग घेतली. सर बसून, आम्ही चौघी उभ्या. अख्खी बिल्डिंग कॉम्प्युटरात घालणार आहेत. प्रत्येक पाइप, कॉक, दिवा, दार. कुठं गळालं की नकाशावर बोट लावायचं, काम आपोआप माणसाकडं जाणार.
मी म्हणाले, त्यापेक्षा मला विचारा की, अकरा वर्षं झाली मला इथं. सर म्हणाले, शालूताई, म्हणूनच तुम्हाला धम्मदीपबरोबर फिरायचंय. सगळ्यांदेखत म्हणाले. म्हणजे ट्रेनरच केलं. तसं तोंडानं बोलले नाहीत, पण माणसाला कळतं.

९ जानेवारी
धम्मदीप इंजिनिअर आहे, चांगला बाप्या माणूस, एका पोरीचा बाप. तीन पायांचा कॅमेरा आणतो. तो गरागरा फिरतो आणि खोली आत घेतो. बिल्डरचे जुने नकाशे निम्मे खोटे निघाले. चौथ्या मजल्यावरच्या जेंट्स टॉयलेटचं पाणी तिसऱ्याच्या छतातून बंद होतं, हे नकाशात कुठं आहे? मी सांगते, तो लिहितो. मी म्हणेन ते खरं. घरात असं कधी झालं नाही.

१० जानेवारी
उद्या बी-टू. म्हणजे सगळ्यात खालचं तळघर.
तिथं पंपाच्या मागं आमची खोली आहे. बिल्डर सिमेंटची पोती टाकून विसरून गेला होता. मी साफ केली, सतरंजी टाकली, आरसा लावला. वर आम्ही बसलेलं चालत नाही, क्लायंट बघतात म्हणे. पँट्रीतल्या खुर्च्या ऑफिसवाल्यांच्या. सात ते चार आम्ही उभ्या. फक्त एक ते दीड त्या खोलीत बसून डबा खातो. घरी तरी काय, पलंग मुलाला आणि सुनेला, निशाला, मी उंबऱ्यावर. बूड टेकायला एवढी एकच जागा. सरांना कळली की गेली.
घाबरले नाही. झोप लागली नाही ती गुडघ्यामुळं.

११ जानेवारी
सहालाच पोचले. खोलीच्या दारावर मोडका पांढरा बोर्ड ठोकला, पुढं फिनाइलचे कॅन.
धम्मदीपनं मोजलं, परत मोजलं. म्हणाला, ताई, इथं आठ फूट कमी भरतंय, मागं काय आहे? मी म्हणाले, मागं भराव हाय. नक्की? म्हणाले, अकरा वर्षं हाय मी इथं. बोर्डाखालच्या फटीतून सरुबाईची चप्पल दिसत होती. त्यानं चपलेकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग लिहिलं, भराव.
बिचाऱ्याला काही कळलं नाही.

२८ जानेवारी
मोठ्या स्क्रीनवर बिल्डिंग दाखवली. काचेची असावी तशी आरपार. पाण्याचे पाइप निळे, वायरी लाल. आमची खोली राखाडी, भरीव. आता कॉम्प्युटरच म्हणतो म्हटल्यावर कोण काय करणार.
सरुबाई कानात म्हणाली, अगं, म्हणजे आपण भिंतीत जेवतो का? म्हटलं, हो, आणि तू फार मचमच करून जेवतेस.

११ फेब्रुवारी
टॅब मिळाला. चौघींत एक, माझ्याकडं. धम्मदीप म्हणाला, मराठी करून देऊ का. सरांच्या समोर म्हणाला. मी म्हणाले, काही गरज नाही. काम आलं की टॅब ओरडतो, हिरवं दाबलं की गप्प होतो. त्यात वाचण्यासारखं काय आहे? सगळ्याला हिरवं दाबते. सर म्हणाले, व्हेरी फास्ट.

२० फेब्रुवारी
सरांनी बोलावलं. टॅब रोज एक ते दीड नकाशावरून गायब होतो, कुठं असता? मी म्हणाले, बी-टूला रेंज नाही. सर हो म्हणाले. माझं डोकं चालतं ते असं.

२५ फेब्रुवारी
सरांनी बी-टूला रेंजचा डबा बसवला. नेमका आमच्या भिंतीवर. आता टॅब जेवताना पण ओरडतो. भाकरी उजव्या हातात, हिरवं डाव्या.
शिवाय नकाशात मी अर्धा तास भिंतीला चिकटलेली दिसते. सर म्हणाले, काय करता तिथं? म्हटलं, ओल बघते. झालं, ओल बघायचं काम रोजचं लागलं. रोज लिहून द्यायचं. लिहिते, ओल नाही.
साखर उद्यापासून बंद.

५ मार्च
खोलीतला दिवा गेला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, कॉम्प्युटरातल्या मॉडेलमध्ये भरावात वायर जाताना दिसली, चूक असणार, पॅनलवरून काढून टाकली.
अंधारात जेवलो. सरुबाईची भाजी माझ्या डब्यात आली. अंधारात कमी जातं, साखरेला बरंच आहे. सरुबाई म्हणाली, आपण सरांना सांगूनच टाकू का, मागून बघू जागा. मी म्हणाले, मागून मिळाली तर उद्या काढून पण घेतील, ही आपण घेतलेली आहे. ओरडले नाही. मोठ्यानं बोलले.

१२ मार्च, दुपारी २.१०
टॅबच्या उजेडात लिहिते आहे.
तिघी दीडला वर गेल्या. मी गुडघ्यासाठी पाच मिनिटं टेकले. डोळा लागला. उठले तर दार उघडेना. बाहेर उघडणारं दार आहे. फटीतून बघितलं तर लोखंड.
टॅबवर अक्षर अक्षर लावून वाचलं. रेकॉर्डची कपाटं, सहा. बी-टू, मोकळी भिंत. पावणेदोन. खाली लिहिलंय, काम स्वीकारलं, शालू. कालची तारीख.
मोबाइल वर चार्जिंगला. ओरडत नाही, निश्चय केलेला आहे. शिवाय ओरडलं तर खोली कळते.

२.३५
टॅबवरून तक्रार टाकायची ठरवली. लोक टाकतात तशी. आधी नकाशात जागा दाखवा म्हणतो. मी बसले आहे तिथं बोट लावलं. लागत नाही, भराव. मग भिंतीवर लावलं. कसली तक्रार? गळती, तडा, वास, आवाज. आवाज दाबलं.

२.३६
टॅब ओरडला. माझाच. नवीन काम, भिंतीतून आवाज. सगळ्यात जवळचा कर्मचारी, शालू. तीस मिनिटांत बघा, नाहीतर मॅनेजरकडं जाईल.
हिरवं दाबलं तर खोली वाचते आणि मी आत राहते. नाही दाबलं तर सर येतात.

२.५०
काही दाबलं नाही. सतरंजीवर पाय पसरले. अकरा वर्षांत इथं एवढा वेळ सलग कधी बसले नव्हते.

३.०६
पावलं वाजतायत. डायरी मिटते.

१३ मार्च
काल सरांनी कपाटावर टकटक केली, विचारलं, कोण आहे आत? माझ्या तोंडून निघून गेलं, कोणी नाही सर, भराव हाय.
कोणी रागावलं नाही. सर उलट खूश, फुकटात ऐंशी स्क्वेअर फूट जागा सापडली. दिवा परत आला. सहाच्या सहा कपाटं आत गेली. धम्मदीपनं मॉडेलमध्ये खोली रंगवली, नंबर दिला, बी-टू सतरा, स्टोअर. सर गेल्यावर हळूच म्हणाला, ताई, सतरंजी कुठं ठेवू? मी म्हणाले, माझी नाही ती.
डबा जिन्यात खाल्ला, उभ्यानं. सरुबाई बोलत नाही.
दुपारी टॅब ओरडला. या वेळी वाचलं. बी-टू सतरा, कपाटं पुसणे, रोज, दहा मिनिटं, शालू. म्हणजे खोली शेवटी माझ्याच नावावर लागली, ती पण कॉम्प्युटरात. सरुबाईला सांगितलं. ती म्हणाली, बस मग जाऊन.
गेले. दोन कपाटांच्या मधे टेकून बघितलं. गुडघा दुमडत नाही तेवढ्यात. उभ्यानंच पुसलं आणि हिरवं दाबलं.