सायीचा लेप आणि सासऱ्यांचा निरोप

घाटंजी,
११ डिसेंबर १९६२

प्रिय सदाशिव, किंवा राजमान्य राजश्री मेहुणेसाहेब,

(मे महिन्यात तुझ्या बहिणीशी लग्न झाल्यापासून तुला काय म्हणावे हे मला कळत नाही. अमरावतीच्या वसतिगृहात माझी चादर पळवणाऱ्याला एकाएकी 'अहो' कसे म्हणू? तेव्हा नमस्कार मेहुणेसाहेबांना, आणि खालचा मजकूर सद्याला.) तुझी, आईंची आणि वडिलांची (विशेषतः वडिलांची, कारण पुढे येईल) प्रकृती ठीक असावी. माझी उत्तम आहे, मानेच्या वरचा भाग सोडून.

दिवाळसण आटोपून सुहासला मी नेरला तुमच्याकडे ठेवून आलो, त्याला दीड महिना झाला. मॅट्रिक होईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, तिने माहेरीच राहावे असे तुझ्या वडिलांनी सुचवले आणि मी मोठ्या मनाने होकार दिला. त्या मोठ्या मनाचा आता मला फार राग येतो. मी इथे दिवसभर लोकांच्या पोरांना मॅट्रिकची भूमिती शिकवतो आणि माझी बायको चाळीस मैलांवर भूमितीत अडून बसते. तिच्या पत्रांत प्रमेये असतात, आईंचा दमा असतो, आणि शेवटी एक ओळ: 'चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या बसल्या का?' अख्ख्या पत्रात माझ्या वाट्याची तेवढीच ओळ, म्हणून ती मी फारच मनावर घेतली.

वाचनालयात एका साप्ताहिकाचे स्त्रियांचे पान (वर शेतीचे पान धरून) वाचले. घट्ट मध आणि म्हशीच्या दुधाची साय एकत्र करून रोज अर्धा तास चेहऱ्यावर ठेवावी, कांती लोण्यासारखी होते, असे त्यात होते. पुढचा मजकूर पान नऊवर, आणि पान नऊ कोणीतरी आधीच घरी नेलेले. मी आठवडी बाजारात डोमाजीकडून मध घेतला आणि तो कशाला हवा हेही भोळेपणाने सांगून बसलो. "मध खायले रायते मास्तर, थोबाडाले कायले लावता?" असे तो सगळ्या बाजारादेखत म्हणाला. त्याचे ऐकायला हवे होते. चार दिवसांत जुन्या पुटकुळ्या जागच्या जागी राहिल्या आणि कपाळावर तीन नव्या अशा उगवल्या, की जोडल्या तर समद्विभुज त्रिकोण व्हावा. पान नऊ मला काल मिळाले. त्यावर लिहिले आहे, 'हा लेप केवळ कोरड्या त्वचेसाठी. तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्यांनी सायीच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. मध लावायचाच तर पाण्यात पातळ करून लगेच धुवावा.' पण काल सोमवार होता, आणि जे व्हायचे ते रविवारीच होऊन गेले होते.

आमचे घर जिनिंगच्या मागे आहे हे तुला ठाऊक आहेच. या दिवसांत तिथे कापसातून सरकी निघते आणि आमच्या अंगणात रुई उडते. आई शेजारी इंदूबाईंकडे गेलेली. मी लेप थापून, शाल पांघरून, डोळे मिटून उन्हात बसलो. अर्ध्या तासात जिनिंगने मला भरघोस पांढरी दाढी, मिशा आणि भुवया दिल्या. डोळे उघडले तो समोर तुझे वडील. आमचे राळेगावचे बहिरे चुलत आजोबा त्यांनी लग्नात पाहिले होते, तेच हे असे समजून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. लेप वाळून तोंड उघडेना, आणि उघडून तरी काय सांगणार होतो? मी हात वर करून आशीर्वाद दिला.

मग ते माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "आजोबा, अनंतरावले सांगजा. सुहास पुस्तक उघडून बसते अन् पानच पलटवत नाही. पोस्टमन रिकामा गेला का जेवत नाही. येत्या रविवारी जावईबापूनं एक चक्कर मारून जावं." मुलीच्या घरचे पाणीही घेत नाहीत, त्यामुळे उभ्या उभ्याच ते परतीच्या बसला गेले.

सद्या, मी तिच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून आठवड्याला एकच कार्ड टाकत होतो. संध्याकाळी शाळेतून येताना कुलूप नसलेल्या घरातही मला कुलूप उघडल्यासारखे वाटते. हे माझे एकट्याचेच होते आहे, तिला प्रमेये पुरतात, असे मी धरून चाललो होतो. ती पान पलटवत नाही, हे ऐकल्यापासून मला वर्गात फळ्यावरचे दिसत नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (त्याचा मला आता सराव झाला आहे).

तुझा,
अनंत

ता. क. निरोप आजोबांना मिळाला आणि आजोबा राळेगावला असतात, म्हणजे मला तो मिळालेलाच नाही. न मिळालेल्या निरोपावर जावई येणार कसा? तेव्हा तू वडिलांना म्हण, 'म्हातारा माणूस, विसरला असेल', आणि बोलावण्याचे कार्ड आजच टाक. शनिवारपर्यंत मिळायला हवे.

आणखी ता. क. कार्ड नाही आले तरी शनिवारी शाळा सुटली की मी बसमध्ये बसणार आहे. वडिलांना काय सांगायचे ते नेरपर्यंत सुचेल. पुटकुळ्या बसलेल्या नाहीत, हे सुहासला आधी सांगून ठेव. नको, सांगू नकोस. दारात पाहून ती हसेल. हसू दे. दीड महिना झाला, मी तिचे हसणे ऐकलेले नाही.