खंदकाकाठचं फूल आणि रानगाय

प्रिय छकुले,

आठवतं, शाळा सुटली की आपण दोघी प्राणिसंग्रहालयात रानबैलांच्या खंदकाशी बाबांची वाट बघत बसायचो? बाबा आत वैरण टाकायचे आणि तू कठड्यावर पाय हलवत माझाही डबा संपवायचीस. नामशेष होत चाललेल्या जातीची ती जोडी बघायला लोक लांबून यायचे. या मुली कुणाच्या, असं कुणी विचारलं की बाबा तुझ्या डोक्यावर हात ठेवायचे. "ही माझी रानगाय. जपावं लागतं हिला, अशी दुसरी मिळायची नाही." मग खंदकाच्या भेगेतल्या निळ्या रानफुलाकडे बोट दाखवायचे. "आणि थोरली म्हणजे ते! उपटा, तुडवा, पाणी देऊ नका, पुन्हा आपलं हजर." लोक हसायचे. मीही हसायचे.

तुझ्या दम्यासाठी खिडकीजवळचा पलंग, मग तुझ्यासाठी परदेशातली कोरडी हवा. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, सोसणारी मुलं देवाची लाडकी असतात. बाबांची मात्र तूच. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना उचलता उचलता या फुलाची कंबर मोडली बघ.

गेल्या महिन्यात फोनवर रडत तू विचारलंस, "ताई, खरं सांग, येऊ का?" डॉक्टरांनी तेव्हाच हात टेकले होते. मी म्हटलं, "अगं, घाई कसली? तब्येत सांभाळून ये." इकडे बाबा दाराकडे बघत विचारायचे, "छकुली निघाली का गं?" त्यांची कूस बदलता बदलता मी सांगायचे, "निघाली, बाबा."

खंदकातली गाय मेली तो दिवस तुला आठवत असेल. साहेबांनी बैलाला आत कोंडलं आणि तिला परस्पर ट्रकमधून नेलं. बाबा किती भांडले! "एकदा हुंगू द्या हो त्याला, साहेब. मेलेलं बघितलं की जनावराला कळतं. नाहीतर ते वाट बघत राहतं." साहेबांनी ऐकलं नाही. बैल फाटकाशी उभा राहून हंबरत राहिला, त्याचा चारा सुटला. तू कानांत बोटं घालून घरी पळालीस. मी बाबांजवळ थांबले होते. मी ते सगळं ऐकलं आहे.

बाबा मागच्या सोमवारी गेले. शेजारच्या काकांना घेऊन मी अंत्यविधी उरकला. फोटो कुणालाच काढू दिला नाही. फोन केला असता तर तू लगेच निघाली असतीस, म्हणून हे पत्र. आता येऊ नकोस, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांच्या वस्तूंचं असं ठरवलं आहे: गमबूट संग्रहालयातल्या नव्या रखवालदाराला, रेडिओ शेजारच्या काकांना, तुझा पलंग अनाथाश्रमाला, घर मला. जाताना बाबांनी तुझ्यासाठी एक निरोप सांगितला होता. तो मी माझ्याकडेच ठेवून घेतला आहे.

जिवाला जप.

तुझीच,
ताई