दाराकडे पडलेल्या शिवणी

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. बुद्धी आणि स्मरण शाबूत असल्याचे त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिले. उजव्या हाताची थरथर आता जाणार नाही, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा यापुढे मी मागितली तरी तापलेली इस्त्री माझ्या हातात कोणी देऊ नये. सही अजून करता येते, म्हणून हे मृत्युपत्र आजच, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या राजीखुशीने करत आहे.

मी गोधड्या शिवणारी, वय वर्षे एकाहत्तर. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात शिवणखोली मुलाला दिली होती आणि तो ती भाड्याने देणार होता. त्यात त्याचा दोष नाही. ती चालवणारे कोणी मी शिल्लक ठेवले नव्हते.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा आणि सूनबाई यांना. कागदपत्रे सूनबाईंनी सांभाळावीत. मुलाने स्वतःचा शाळेचा दाखला तीनदा हरवला आहे.

२. मोठी कात्री शेजारच्या कापडवाल्यांना देण्याचे मनात होते. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकीलसाहेब सांगतात. कापडवाल्यांनी सही करायला जरा घाई केली. कात्री सूनबाईंना द्यावी. त्या कात्रीने त्यांनी कागद कापू नये.

३. शिवणखोली, दोन्ही मशिनी, लांब टेबल आणि इस्त्री माझ्या धाकट्या बहिणीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

गोधडीची वरची बाजू चौकोनी तुकड्यांच्या ओळी जोडून होते. प्रत्येक शिवणीच्या आत थोडे जादा कापड राहते, त्याला माया म्हणतात. इस्त्रीने ती एका ओळीत डावीकडे पाडायची, पुढच्या ओळीत उजवीकडे. मग ओळी जोडताना कोपरे बिनचूक बसतात. सगळी एकाच बाजूला पडली, तर प्रत्येक कोपऱ्यावर गाठ येते.

आठ वर्षांपूर्वी लग्नात द्यायच्या एका गोधडीवर अशा गाठी आल्या. डावीकडच्या ओळी धाकटीकडे होत्या, उजवीकडच्या माझ्याकडे. गिऱ्हाईक समोर उभे होते.

"या वयातही तुला डावं-उजवं कळत नाही?" मी तिला म्हणाले.

"ताई, आधी तुझ्या ओळी उलटून बघ."

"तीस वर्षं इस्त्री फिरवतेय मी. मला शिकवू नकोस."

तिने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेली. तेव्हापासून ती तयार कपड्यांच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करते.

गोधडी उसवून त्या ओळी मी पेटीत टाकल्या. गेल्या महिन्यात त्या काढून उलटून पाहिल्या. प्रत्येक ओळीच्या दाराकडच्या टोकाला खडूची खूण असते. धाकटीच्या सगळ्या शिवणी दाराकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या जागेवरून डावीकडे, पडलेल्या होत्या. ते बरोबर. माझ्याही दाराकडेच होत्या, त्या भिंतीकडे हव्या होत्या. एरवी आम्ही टेबलाच्या एकाच बाजूला उभ्या राहायचो. त्या दिवशी मला नीट दिसत नव्हते. चष्मा लागलाय हे कबूल करायचे नव्हते, म्हणून उजेडासाठी मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तिचे डावे ते तिथून माझे उजवे. "तिकडे कशाला गेलीस?" असे तिने विचारलेही होते. "तू तुझं काम कर," मी म्हणाले होते.

सबब, चूक माझी होती. तिची नव्हती.

रविवारी तिला फोन करून हेच सांगितले. 

"कागदावर लिही," ती म्हणाली. "तोंडाने तू पुष्कळ बोललीस."

"लिहिलं तर खोली घेशील?"

"आधी लिही."

वरचा मजकूर कायद्याला लागत नाही, असे वकीलसाहेबांचे मत आहे. तिला लागतो, म्हणून तो काढू नये.

४. तिने नकार दिल्यास खोली मुलाकडे जाईल. मशिनी विकून त्याने ती खुशाल भाड्याने द्यावी. मी रुसायला नसेन.

५. खोलीची मालकी माझ्या पश्चात, पण वापर आजपासून. तिथे काम करताना यापुढे कोणी डावे-उजवे म्हणू नये. दाराकडे किंवा भिंतीकडे असे म्हणावे.

आज दुपारी मुलगा या मृत्युपत्राची प्रत आणि खोलीची किल्ली तिच्या दुकानात पोचवील. दुकानात ती पाकीट उघडणार नाही. घरी नेऊन दोनदा वाचेल, एखादी चूक काढेल आणि उद्या सकाळी येईल असा माझा अंदाज आहे. माझ्या वीस ओळी टेबलावर मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्या शिवणी भिंतीकडे पाडून घ्याव्या लागतील. आल्या आल्या ती मला चांगली बोलून घेईल. तेवढ्यात इस्त्री तापेल.

सही: गोधडीवाली

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. कापडवाले, शेजारी

ठिकाण: शिवणखोली
दिनांक: चौदा, मंगळवार