अक्षराखालचा ठिपका

थाटीपुर, ग्वाल्हेर
१२ ऑगस्ट २०२४

ती. सीमंतिनीमावशीस,
केदारचा सा. न. वि. वि.

माझ्या मागच्या पत्रातल्या अकरा चुका तू लाल शाईने दाखवल्यास, त्यांतल्या नऊ मला मान्य आहेत. 'परेशान' लिहू नये, 'हैराण' लिहावे, असे तुझे म्हणणे. पण इथे आईसुद्धा परेशानच होते, हैराण झालेली मी तिला पाहिली नाही. असो. तू वाईच्या छापखान्यात तीस वर्षे मुद्रिते तपासलीस, तुझ्याशी वाद घालण्याइतका मी शिकलेलो नाही. बी.ए.चे दुसरे वर्षही माझ्याने पूर्ण झाले नाही.

दौलतगंजात सदाशिवरावांच्या छापखान्यात सध्या माझ्याकडे एकच काम आहे. मौलवी अब्दुल जलीलसाहेब म्हणून एक म्हातारे विद्वान आहेत. बावीस वर्षे ते दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर माणसाच्या मनावर, म्हणजे मन मळते कसे आणि धुवायचे कसे यावर, धडा देतात. त्याचे पुस्तक होते आहे. भाषा उर्दू, पण अक्षरे आपली नागरी, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांनाच उर्दू अक्षरे वाचता येत नाहीत. याचे त्यांना फार वाईट वाटते. परवा एका विद्यार्थ्याने त्यांना सांगितले की तुम्ही दोन गुरुवार ज्यावर बोललात ते फोनने मला चार सेकंदांत सांगितले. मौलवीसाहेबांनी विचारले की मग गेल्या आठवड्यात तुझा राग किती कमी झाला. तो उठून गेला.

त्यांना काचबिंदू आहे, अक्षर दिसत नाही. म्हणून प्रत्येक पान मी मोठ्याने वाचतो आणि ते ऐकून दुरुस्त करतात. माझा 'क' त्यांना पटत नाही. घशातून काढ म्हणतात. पुस्तकात 'वसवसा' नावाचे प्रकरण आहे: हात नीट धुतले गेले की नाही या शंकेने जो पुन्हापुन्हा धुतच बसतो, त्याची नमाजाची वेळ निघून जाते. ते वाचताना मी मध्येच थांबलो, तर ते हसले. म्हणाले, तुझा वसवसा स्पेलिंगचा आहे. मावशी, मी कुलूप तीनदा ओढून पाहतो हे त्यांना कोणी सांगितले असेल?

नोव्हेंबरअखेर त्यांचा मुलगा त्यांना कायमचे भोपाळला नेणार आहे. धडा बंद होईल. मागे राहणार ते हे पुस्तकच.

आता माझी अडचण. या भाषेत क, ख, ग, ज, फ यांच्याखाली कधी ठिपका असतो, कधी नसतो. आधीच्या माणसाने टाइप केलेल्या मजकुरात काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. जुन्या फॉन्टातून नव्यात आणताना तर निम्मे ठिपके सरकून शेजारच्या अक्षराखाली गेले. पान पुरळ आल्यासारखे दिसते. काय करावे ते कळव. लोभ आहेच, लाल शाईसकट राहावा.

तुझा,
केदार


वाई
२१ ऑगस्ट २०२४

चि. केदारास,
अनेक आशीर्वाद.

हैराण व्हायचे नसेल तर त्रस्त हो, पण परेशान होऊ नकोस.

ठिपक्यांचे सोपे आहे. नागरी अक्षरांना तळाशी धूळ चिकटवायची गरज नाही. आपण जमीन लिहितो, कागद लिहितो, फौज लिहितो. सगळे शब्द तिकडूनच आले आणि ठिपका वाटेत गळला, तरी कोणाचे अडले नाही. हिंदीवाल्यांचे ड आणि ढ यांचे ठिपके ठेव, बाकीचे सरसकट काढ. मुद्रितशोधकाचा पहिला धर्म एकसारखेपणा. निम्मे असण्यापेक्षा एकही नसलेले बरे.

कुलूप दोनदा ओढले तरी पुरते. अक्षर असेच सुरेख राहो.

तुझी,
मावशी


थाटीपुर, ग्वाल्हेर
२ ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस,
केदारचा सा. न. वि. वि.

तू सांगितलेस तसे केले. 'सर्व बदला' अशी आज्ञा कॉम्प्युटरला दिली आणि दोन हजार एकशे सहा ठिपके एका क्षणात गेले. पान इतके स्वच्छ दिसले की मी सदाशिवरावांना बोलावून दाखवले. तीनशे प्रती छापल्या. गेल्या गुरुवारी गठ्ठे घेऊन मी धड्याला गेलो.

मौलवीसाहेबांची नात नुसरत अलीगढहून आली होती, ती तिथे अरबी शिकते. तिने पहिली प्रत उचलली, मुखपृष्ठ पाहिले आणि उलटी करून मांडीवर ठेवली. मग मला बाहेर बोलावले. पुस्तकाचे नाव 'कल्ब का घर'. घशातल्या क चा, ठिपक्याचा कल्ब म्हणजे हृदय. बिनठिपक्याचा, साधा कल्ब म्हणजे कुत्रा.

मावशी, आत एकशेबारा पानांवर हा शब्द चारशेहून अधिक वेळा आहे. कुत्रा मळतो, कुत्रा धुवावा, ईश्वराची नजर तुमच्या चेहऱ्यावर पडत नाही, कुत्र्यावर पडते. मी दारातच बसलो.

नुसरतने आजोबांना स्वतः सांगितले. ते बराच वेळ पुस्तकावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले की तू मला वाचून दाखवलेस तेव्हा ठिपके होते का. हो, वाचताना होते. ठिपके मी नंतर काढले, आणि काढताना त्यांना विचारावेसे मला वाटले नाही. मागे बसलेल्या एकाने मुखपृष्ठाचा फोटो तोवर कुठेतरी पाठवलासुद्धा. हसणारी चिन्हे येत होती, ती त्याने मला दाखवली.

मला राग आला आहे. आधी स्वतःचा, मग तुझाही, हे लिहिल्याशिवाय पत्र बंद करवत नाही. अकरा चुका शोधणाऱ्या माणसाने हा शब्द काय आहे एवढे एकदा विचारायचे होते. या पत्रात चुका असतील तर कृपा करून दाखवू नकोस.

केदार


वाई
९ ऑक्टोबर २०२४

चि. केदारास,
आशीर्वाद.

पत्रात तीन चुका आहेत, दाखवत नाही.

तुझा राग रास्त आहे. तू भाषा उर्दू म्हणून स्पष्ट लिहिले होतेस. मी शब्द मागवले नाहीत, अक्षरांवरच निकाल दिला. तीस वर्षांत असे कधी केले नव्हते, असे लिहिणार होते. पण केले असेल आणि कोणाला कळले नसेल, हा विचार चार दिवस डोक्यातून जात नाही.

शुद्धिपत्र छाप. एक ओळ पुरेल: जिथे जिथे हा शब्द आहे, तिथे ठिपका आहे असे समजून वाचावे. त्याहून जास्त काही करू नकोस.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
मावशी


थाटीपुर, ग्वाल्हेर
१६ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
केदारचा सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिले नाही. लिहिण्यासारखे तोंड नव्हते.

तू एक ओळ म्हणालीस. मला एका ओळीने चैन पडेना. कल्ब सुधारला आणि बाकीचे सोळाशे ठिपके राहिले तर? नुसरत अलीगढला परत गेली होती आणि तिला पुन्हा विचारायची लाज वाटली. मी सगळ्या शब्दांची यादी केली आणि राहू नये एकही म्हणून क, ख, ग, ज, फ यांच्याखाली सरसकट ठिपके दिले. कॉम्प्युटरलाच सांगितले. शुद्धिपत्राच्या तळाशी लेखकाचे नाव होते. त्यातल्या ज लाही ठिपका लागला.

२४ ऑक्टोबरला शुद्धिपत्रे वाटली. मागच्या रांगेतला एक म्हातारा घड्याळजी उठून थेट माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला की हे परत घे. जलील म्हणजे महान, ते ईश्वराचे नाव आहे, आणि अब्दुल जलील म्हणजे त्या महानाचा सेवक. ठिपका दिला की तोच शब्द होतो नीच, अपमानित. मी ठिपके काढून त्यांच्या हृदयाचा कुत्रा केला, आणि ठिपके देऊन त्यांच्या ईश्वराला काय केले ते लिहवत नाही.

या वेळी मी स्वतः जाऊन सांगितले. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, ठिपक्यासह लिहितो, नाहीतर अर्थ लागणार नाही: "मैं तो ज़लील हूँ ही, बेटा। लेकिन जिसका बंदा हूँ, वह जलील है।"

मी म्हणालो की कुठे ठिपका द्यायचा याचा मला एक पक्का नियम सांगा, पुन्हा चूक होणार नाही. तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. म्हणाले की सगळ्यांना तेच हवे आहे. फोन चार सेकंदांत नियम देतो, तूही तेच मागतोस. नियम नाही, शब्द आहे. तो वाच, कळला तर ठिपका दे.

आता असे ठरले आहे की मी मोठ्याने वाचायचे, ते ऐकतील आणि सांगतील, आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रतीत पेनने ठिपके द्यायचे. जो देईल त्याची प्रत. पहिल्या गुरुवारी सात जण आले, परवा चार. बाकीच्यांनी निरोप धाडला की तयार झाली की कळवा, येऊन घेऊन जाऊ. रोज बसू म्हटले तर कोणाला वेळ नाही. एकाने मध्येच विचारले की याची फाइल मिळेल का. मीच त्याच्यावर ओरडलो, आणि मग मौलवीसाहेबांनी मला रागावरचे प्रकरण आठवते का म्हणून विचारले. तोंडपाठ आहे, मावशी. उपयोग झाला नाही.

एकोणीस पाने झाली आहेत. मुलगा २८ तारखेला येतो. म्हणजे एकच गुरुवार, २१ चा. त्र्याण्णव पाने राहतात आणि ती पुरी होणार नाहीत, हा हिशेब मी कितीदाही केला तरी तोच येतो.

एक सांगायचे राहिले. वाचताना परवा माझ्या तोंडून कल्ब घशातून आला. मी थांबून तो पुन्हा म्हणून पाहणार होतो, बरोबर आला की नाही ते तपासायला. त्यांनी हात वर केला. म्हणाले, एकदा पोचला, पुढे चल. मी पुढे वाचले. पुढच्याच ओळीत कल्ब आला आणि तोही बरोबर आला. कुलूप मात्र अजून तीनदा ओढतो. माझ्या कल्बावर एवढाच परिणाम झाला आहे.

लोभ उरला असेल तितका असू दे.

तुझा,
केदार


वाई
२३ नोव्हेंबर २०२४

चि. केदारास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सोबत परत पाठवते आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. दुरुस्त्या फक्त चार. कल्ब हा शब्द तू चारदा लिहिला आहेस, तिथे लाल शाईने चार ठिपके दिले आहेत. जन्मात पहिल्यांदा दिले, म्हणून थोडे मोठे झाले.

पाचवा, एकसारखेपणाच्या सवयीने, मौलवीसाहेबांच्या नावातल्या ज खाली देणार होते. पेन कागदाला टेकण्याआधी शब्द वाचला आणि हात मागे घेतला. हे त्यांना जाण्याआधी सांग.

बिनठिपक्यांची एक प्रत मला पाठव. विसाव्या पानापासून तू फोनवर वाच, मी ऐकून ठिपके देईन. जिथे अडेल तिथे भोपाळला विचारू. हिंदीत घसरलास तरी चालेल.

तुझ्या क़ल्बात थोडी जागा मागणारी,
मावशी